पुरात वायरलेस चालू राहायला हवा: बडोद्यातल्या नव्या मुलांसाठी

विश्वामित्री चढली की बडोद्यात वीज बंद करावी लागते आणि थोड्या तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरू लागतात. मग अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि जरोदहून निघालेली एनडीआरएफची तुकडी, सगळ्यांची भिस्त वायरलेस सेटवर. या कामात नवी येणारी मुलं डिजिटल की अ‍ॅनालॉग यावर तासभर वाद घालतात. बिघाड निघतो तो बहुतेकदा केबल, कनेक्टर नाहीतर बॅटरीत.

सर्वांत फसवी चीज म्हणजे सेटपासून वर अँटेनापर्यंत जाणारी केबल. आरजी-५८ ही पातळ केबल स्वस्त आणि हाताळायला सोपी, पण १५० मेगाहर्ट्झला तिच्या ३० मीटरमध्ये सुमारे ६ डेसिबल जातात. खाली २५ वॉट सोडलेत तर वर अँटेनाला जेमतेम ६ पोचतात. अर्धा इंची फोम केबल टाकली तर २० च्या आसपास. शिवाय वाईट केबल मोजणाऱ्या मीटरलाही फसवते: वर अँटेना तुटून पडली तरी परतणारी लहर केबलमध्येच विरते आणि खाली एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लहर परतते याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) १.७ च्या आसपास दिसतो. ‘ठीक आहे’ म्हणून लोक घरी जातात! म्हणून एकदा तरी मीटर घेऊन वर चढा आणि अँटेनापाशी मोजा.

कनेक्टरमध्ये पाणी शिरतं ते पावसाळ्यात, उघडकीस येतं दिवाळीनंतर. आधी ताणून चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप. गुंडाळायची खालून वर, म्हणजे पाणी कौलांवरून उतरावं तसं उतरतं. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या.

रिपीटर, म्हणजे एका सेटचा आवाज घेऊन तो पुढे दूरवर पाठवणारा संच, पाठवताना साधारण ७ अँपिअर खेचतो, नुसता ऐकताना पाऊण. तीस टक्के वेळ बोलणं धरलं तर सरासरी २.६. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच ऊर्जा काढायची, म्हणजे १९ तास. पूर दोन दिवस राहिला तर? भार नसताना थकलेली बॅटरीही १२.६ व्होल्ट दाखवते. पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबून मोजा. ११ च्या खाली गेली तर बदला. आणि बॅटरी तळमजल्यावर ठेवू नका. हे सांगावं लागतं, याचंच नवल वाटतं.

पल्ला तपासताना नुसतं ऐकू नका, बोलूनही पाहा. रिपीटर २५ वॉटचा, हातातला सेट ५ चा, त्यामुळे रावपुऱ्यातल्या तळघरात नियंत्रण कक्ष खणखणीत ऐकू येईल आणि तुमचा आवाज तिथे पोचणारही नाही. नकाशावर दोन रंग हवेत: एक ऐकू येण्याचा, दुसरा ऐकवता येण्याचा.

रिपीटर बंद पडला तर सेट थेट सेटशी बोलेल असा एक चॅनल प्रत्येक सेटमध्ये भरलेला असावा, सगळीकडे त्याच क्रमांकावर. अंधारात, मोजे घातलेल्या हाताने नॉब फिरवून तो सापडतो का पाहा. पीटीटी दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर ‘नको’ गळून ‘जाऊ’ तेवढं पोचतं.

हात बसवायचा असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची हौशी रेडिओची परीक्षा द्या. तिच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स संकेतलिपी लागत नाही. परवाना आला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर हेच सगळे प्रयोग स्वतःच्या गच्चीवर करता येतात. पहिली अँटेना स्वतः कापा: १४५ ला पाव लहरीची काडी सुमारे ४९ सेंटिमीटर. आधी ५१ ठेवा आणि मीटर बघत कमी करत जा.