झेड पुलावरची अकरा मिनिटं

चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षी मी सबमिशनला कॅनव्हासऐवजी पेन ड्राइव्ह दिला. त्यात पुण्याच्या झेड पुलावरून घेतलेला ११ मिनिटांचा एकच शॉट होता: खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, आणि ते बघायला थांबलेली माणसं. सरांनी विचारलं, "चौकातला सीसीटीव्हीही हेच टिपतो. यात तुझं काय?" प्रश्न रास्त होता. मला उत्तर देता आलं नाही, आणि पुढचं वर्षभर मी तेच शोधत राहिले.

चित्रकलेकडून व्हिडिओ कलेच्या या वाटेनं येणाऱ्यांनी आधी थोडा इतिहास बघावा, धीर येतो. व्हिडिओ कलेचा जनक मानला जाणाऱ्या नाम जून पाइकनं १९६३ साली जर्मनीतल्या वुपर्टालमध्ये टीव्हीची चित्रं मुद्दाम बिघडवून प्रदर्शनात मांडली. १९६७ मध्ये सोनीचा पोर्टापॅक हा सोबत नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा-संच आला आणि एकटा माणूस खांद्याला अडकवून व्हिडिओ काढू लागला. आपल्याकडे चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये मुंबईत चित्रकार आणि कॅमेरा एकत्र आणणारी कार्यशाळा उभी केली. तरुण नलिनी मलानी तिथंच फिल्मकडे वळल्या. आणि लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तो प्रभातचा स्टुडिओ उभारणाऱ्यांतले दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. बाबूराव आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग सिनेमे काढू लागले. ब्रश ठेवून कॅमेरा उचलणं ही इथली जुनीच चाल आहे.

पण या सिनेमावाल्यांच्या हातात गोष्ट होती. माझ्याकडे नव्हती. गोष्ट नसली की उरतो तो वेळ, आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. शॉट इथंच का सुरू झाला? ११ मिनिटं का, ४ का नाहीत? सीसीटीव्हीला हे कुणी विचारत नाही. माझ्या मते फरक तिथंच आहे.

झेड पुलावरून दुचाकी गेली की पूल थरथरतो आणि ट्रायपॉडही. ही थरथर सॉफ्टवेअरनं काढता येते. पहिल्या वेळी मी ती काढली होती, कारण ती चूक वाटली. दुसऱ्यांदा ठेवली: पाणी बघणारा माणूसही त्याच थरथरत्या पुलावर उभा असतो. सरांना द्यायचं उत्तर मला तिथं सापडलं.

काही गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. मोबाइलवर शूट करताना एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर ढग सरकला की चित्र आपोआप उजळतं. प्रदर्शनात व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू राहतो; फाइल संपून पुन्हा सुरू होताना बरेच प्लेअर क्षणभर काळे होतात. म्हणून तोच शॉट एका लांब फाइलमध्ये अनेकदा जोडून ठेवा. शेजारच्या कामाचा आवाज तुमच्या कामात शिरतो, हे मांडणीच्या आदल्या दिवशी तपासा. आणि बसायला बाक मागून घ्या. उभा माणूस अर्ध्या मिनिटात निघून जातो.

वर्षअखेरच्या प्रदर्शनात आजी आली. बाकावर बसली, पिशवी मांडीवर. मी दारापाशी उभी होते. बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली, "अगं, तो काळ्या छत्रीवाला मघाशीच गेला होता की. परत आला."

मग पिशवी बाजूला ठेवून ती पुन्हा बघू लागली.