फुकट बिलिंग ॲप घेताना आधी एक्सेल काढून बघा

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधलं दुकान असो नाहीतर गुळाची अडत, फुकटचं ॲप चालतंय का हे ठरवायची माझी एक रीत आहे. नमुन्याची दहा बिलं करायची, दोन उधारीवर टाकायची आणि पार्टीवार उधारी एक्सेलमध्ये बाहेर निघते का बघायचं. नाही निघाली तर तिथंच सोडा. हजार बिलं आत अडकल्यावर मागतील तेवढे पैसे भरावे लागतात. कोटेशन, पत्रांना लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर पुरतं, तेही मराठीत. फाइली ठेवायला गुगलची फुकट जागा १५ जीबीच, त्यातच मेल आणि फोटो. सॉफ्टवेअरला पैसे मोजायचेच तर जीएसटी आणि स्टॉकच्या सोयीसाठी मोजा. फक्त वर्गणी मार्चअखेर संपणारी नको, ऐन हिशेबात गाडी अडते.