नगरपालिकेत तक्रार द्यायची तर आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका

आमच्या कॉलनीतली गटार दोन पावसाळे तुंबलेली होती, पाणी तीन घरांच्या ओट्यापर्यंत यायचं. आम्ही सगळे रोज बोलायचो, नगरसेवकाला फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, चहाच्या टपरीवर आरोग्य विभागाचा माणूस दिसला की त्याला सांगणं, सगळं करून झालं. शेवटी ऑफिसात गेलो तर क्लार्कने एकच विचारलं, अर्ज कधी दिला, आवक नंबर सांगा, म्हणजे ऑफिसात आलेल्या कागदाचा नोंदवहीतला नंबर. नंबर कोणाकडेच नव्हता. म्हणजे दोन वर्षं आम्ही ओरडत होतो आणि कागदावर आमच्या कॉलनीची एकही तक्रार नव्हती. गल्लीतले आबा तेव्हा एवढंच बोलले, "कागद दिधा का भो? नही ना? मंग?" तेव्हापासून आजूबाजूच्या बऱ्याच लोकांना अर्ज लिहून दिले, त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय.

आधी बघा की तुमचा भाग नक्की कोणाचा आहे. आपल्याकडे खानदेशात गावाच्या चारी बाजूंनी शेतं एनए, म्हणजे बिगरशेती, करून प्लॉट पडलेत, पत्ता शहराचा लिहितात पण हद्द शेजारच्या ग्रामपंचायतीची असते. घरपट्टीची पावती काढा, ती ज्या ऑफिसची, अर्ज तिथेच. दुसरी अडचण लेआउटची. प्लॉट पाडणाऱ्याने रस्ते आणि ओपन स्पेस पालिकेच्या ताब्यात दिलेच नसतील तर तुम्ही कितीही अर्ज करा, उत्तर तेच येणार की रस्ता आमच्याकडे वर्ग नाही. मग नगररचना विभागात जाऊन आधी तेच लेखी विचारा. आणि खड्डा महामार्गावर असेल, म्हणजे धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा जाणारा ५३ नंबरचा, तर तो राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा विषय, पालिकेत चकरा मारून दिवस वाया जातो.

जळगाव आणि धुळे महापालिका आहेत, तिथे अर्ज आयुक्तांच्या नावाने. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार, शहादा अशा नगरपरिषदा असलेल्या गावात मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने. लोक नगराध्यक्षांच्या नावाने लिहितात, त्यांना प्रत जरूर द्या, पण कामाचा आदेश मुख्याधिकारी काढतात. खाली विभाग लिहा म्हणजे कागद फिरत बसत नाही. गटार उपसणं, कचरा, धुरळणी आरोग्य विभागाकडे, पण गटार नवीन बांधायची किंवा फुटलेली दुरुस्त करायची तर बांधकाम विभाग. खांबावरचा दिवा बंद असेल तर पालिकेचा विद्युत विभाग, घरातली लाईट गेली किंवा तार लोंबकळतेय तर महावितरण, त्यांचा १९१२ नंबर आहे.

एका अर्जात एकच विषय. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी लोक पाणी, कुत्रे, दिवे, रस्ता सगळं एकाच कागदात भरतात, मग तो कागद चार टेबलं फिरतो आणि प्रत्येक टेबल म्हणतं हा दुसऱ्याचा विषय.

अर्जात रागाची वाक्यं नको, मोजून बघता येईल असं लिहा. आमचा दुसरा अर्ज साधारण असा होता: "प्लॉट नं. १२ ते १९ समोरील उघडी गटार, अंदाजे ६० मीटर, गाळाने पूर्ण भरलेली आहे. पाऊस आल्यावर पाणी तीन घरांच्या ओट्यापर्यंत येते. गाळ काढून प्लॉट नं. १९ जवळील बुजलेला पाईप मोकळा करावा व काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे." बस. दिव्याचा अर्ज असेल तर खांबावरचा नंबर टाका, नंबर नसेल तर कोणाच्या घरासमोर ते लिहा. फोटो जीपीएस कॅमेऱ्याच्या अ‍ॅपने काढले की तारीख आणि जागा फोटोवरच येते, दोन-तीन प्रिंट जोडा.

पाण्याचं जरा वेगळं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे बऱ्याच गावांना नळ चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतो, तापीच्या पात्रात पाणीच नसेल आणि हतनूर धरणाचं आवर्तन सुटायचं बाकी असेल तर त्यावर तुमच्या अर्जाने काही होत नाही. पण पुढच्या गल्लीत हंडे भरून राहिले आणि तुमच्याकडे गुळणीएवढं पाणी येतं, तर तो वाटपाचा प्रश्न आहे, व्हॉल्व्हचा आहे किंवा लाईनीत कुठेतरी गळती आहे. ते दाखवायला नोंद लागते. आमच्याकडे एका वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दीड महिना लिहून ठेवलं, कोणत्या तारखेला नळ आला, किती वाजता, किती मिनिटं. त्या पानांची झेरॉक्स अर्जाला जोडली आणि पाणीपुरवठ्याचा माणूस पहिल्यांदा स्वतः गल्लीत येऊन व्हॉल्व्ह बघून गेला. सह्या घेताना घरातल्या बायांच्या जरूर घ्या, पाणी किती येतं ते त्यांनाच माहीत असतं. सहीपुढे नाव आणि प्लॉट नंबर हवा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलवर एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. साहेब नाहीत, ठेवून जा, असं म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका, शांतपणे बसून राहा. शिक्का देतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ती पावतीसुद्धा पोचच आहे. मग आठ-दहा दिवसांनी त्याच टेबलवर जाऊन विचारा की कागद कोणाकडे गेला. त्या माणसाला भेटा, जागा दाखवायला सोबत चला म्हणा.

महिनाभरात काहीच नाही झालं तर माहिती अधिकार. २००५ चा कायदा, अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. विचारा की अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची आणि टिपणीची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच ऑफिसात पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. आमचं गटारीचं काम या टप्प्यावर हललं, माहिती मिळायच्या आधीच जेसीबी आला.

लोकशाही दिनाचा रस्ताही आहे, म्हणजे दर महिन्याला अधिकारी तक्रारी ऐकायला बसतात तो दिवस, तहसीलला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला कलेक्टरांकडे आणि महापालिकेत पहिल्या सोमवारी. अर्ज आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, थेट त्या दिवशी गेलात तर नंबर लागत नाही. तिथेही पहिलं विचारतात, आधी कुठे अर्ज दिला होता.

वेळेचंही बघा. गाळ काढायचा अर्ज एप्रिलमध्येच द्या, मान्सूनपूर्व नालेसफाई त्यानंतर सुरू होते, जूनमध्ये सगळं गाव एकदम अर्ज घेऊन उभं असतं. नवीन रस्ता किंवा नवीन गटार हवी असेल तर दिवाळीनंतर लगेच मागणी टाका, कारण १ एप्रिलपासूनच्या बजेटची तयारी हिवाळ्यातच होते आणि तेव्हा कामाचं नाव यादीत नसेल तर वर्षभर "निधी नाही" एवढंच ऐकायला मिळतं. इथे नगरसेवकाचा खरा उपयोग आहे, फोन करून दिवा लावून घेण्यापेक्षा त्यांना म्हणा की आमचा विषय सर्वसाधारण सभेत मांडा, आणि ठराव झाला की ठरावाचा नंबर आम्हाला द्या.

काम झालं की त्याच जागेचा परत फोटो काढा आणि सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा. आमची फाईल आता वहिनींकडे असते. पुढच्या वर्षी गटार परत भरली तेव्हा जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन चार ओळींचा अर्ज दिला आणि बाराव्या दिवशी माणसं आली.