प्लाझ्मा वेल्डिंगला बसण्याआधी नोझलचं भोक बघा

वेल्डिंगची टॉर्च हातात आली की मी आधी तिच्या टोकाचं तांब्याचं नोझल काढून उजेडासमोर धरते. भोक गोल आहे का, कड शाबूत आहे का, एखाद्या बाजूला काळसर खाच पडली आहे का, हे बघते. सतरा वर्षं टिग, म्हणजे टंगस्टनच्या सळईने करायचं वेल्डिंग, केल्यावर मी प्लाझ्माकडे वळले. आता नवीन मुलांना शिकवते, तेव्हा पहिला दिवस याच कामात जातो. टिगचं कसब मनगटात असतं. प्लाझ्माचं कसब आधी या दोन-तीन मिलिमीटरच्या भोकात असतं आणि मनगटाची पाळी नंतर येते.

प्लाझ्मा म्हणजे काही वेगळीच आग आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण टिगचा आर्क (विजेची सलग ठिणगी) सुद्धा प्लाझ्माच असतो. वायू एवढा तापतो की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूतून करंट वाहायला लागतो. टिगमध्ये टंगस्टनचं टोक बाहेर असतं, त्यामुळे आर्क खाली जाताना घंटेसारखा पसरतो. प्लाझ्मात टंगस्टन तांब्याच्या नोझलच्या आत बसलेला असतो आणि आर्कला बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. त्या वाटेत तो आवळला जातो, त्याचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतं आणि जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावर, तो पेन्सिलीसारखा सरळ उतरतो. टिगमध्ये टॉर्च जरा वर-खाली झाली की जॉबवरचा आर्कचा ठिपका लहान-मोठा होतो. इथे तो फारसा बदलत नाही, म्हणून हाताला मोकळीक मिळते.

आता तांबं तर १,०८५ अंशांना वितळतं. मग भोकाची कड शाबूत कशी राहते? एक कारण म्हणजे नोझलच्या मागून सतत फिरणारं पाणी. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भोकाच्या भिंतीला लागून थंड वायूचा एक पातळ थर वाहत असतो. थंड वायूतून करंट जात नाही, त्यामुळे हा थर आर्क आणि तांबं यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. तो टिकला तर नोझल टिकतं. तो कुठेही फाटला की करंट टंगस्टनवरून नोझलवर आणि नोझलवरून जॉबवर अशा दोन उड्या मारतो. याला डबल आर्किंग म्हणतात, आणि क्षणात भोकाची कड खाल्ली जाते.

माझ्या हातून पहिल्या आठवड्यात तीन नोझलं अशीच गेली. मी टिगच्या सवयीने करंट वाढवत होते आणि आतल्या वायूकडे बघतच नव्हते. उस्तादांनी तिन्ही नोझलं ओळीने मांडून विचारलं, "खाच कुठल्या बाजूला आहे?" तिन्हींत ती एकाच बाजूला होती. म्हणजे वायू कमी होता हे खरं, पण त्याशिवाय टंगस्टनही मधोमध बसलेला नव्हता. तेव्हापासून जळकं नोझल नीट बघितल्याशिवाय मी टाकून देत नाही.

दोन वायू आणि दोन आर्क

या टॉर्चमध्ये दोन वायू वेगवेगळ्या वाटांनी येतात. आतल्या वाटेने, टंगस्टनभोवतून, प्लाझ्मा वायू येतो. तो बहुतेक वेळा आर्गॉन असतो आणि थोडासाच लागतो. बारीक कामाला मिनिटाला पाव लिटरही पुरतो. एवढ्याशा वायूने वितळलेल्या धातूचं हवेपासून रक्षण होत नाही, म्हणून बाहेरच्या कपातून शील्डिंग वायू सोडतात. तो मिनिटाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त असतो. स्टेनलेसला शील्डिंग आर्गॉनमध्ये ५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळला की उष्णता वाढते आणि बीड, म्हणजे वेल्डची ओळ, चकचकीत येते. टायटॅनियम, अॅल्युमिनियम आणि उच्च ताकदीचं पोलाद यांच्याजवळ मात्र हायड्रोजन आणायचा नाही. पहिल्यात ठिसूळपणा येतो, दुसऱ्यात बारीक छिद्रं राहतात आणि तिसऱ्यात तडे जातात.

आर्कही दोन असतात. हाय फ्रिक्वेन्सीच्या ठिणगीने टंगस्टन आणि नोझल यांच्यात आधी एक लहान पायलट आर्क लागतो. टॉर्च जॉबजवळ नेली की मुख्य आर्क जॉबवर उडी घेतो. टंगस्टन जॉबला टेकवावा लागत नाही, त्यामुळे तो घाण होत नाही आणि शेकडो टाके मारूनही टोक तसंच राहतं. रॉबर्ट गेज यांनी अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडमध्ये आवळलेल्या आर्कची ही टॉर्च तयार केली. तिचं पेटंट १९५७ मध्ये मिळालं. वेल्डिंगच्या कामात ती १९६० च्या दशकात रुळली.

आधी काम कुठल्या पट्टीतलं ते ठरवा

साधारण ०.१ ते १५ अँपिअर हे मायक्रोप्लाझ्माचं काम. कागदासारखे पत्रे, बारीक तारा, जाळ्या यांना ही पट्टी लागते. इतक्या कमी करंटवर उघडा आर्क भरकटतो, पण आवळलेला आर्क स्थिर राहतो. पुढे २०० अँपिअरपर्यंतचं काम टिगसारखंच, वरून वितळवत जायचं, फक्त बीड अरुंद आणि खोल येते. साधारण १०० अँपिअरच्या वर, प्लाझ्मा वायू वाढवला की तिसरा प्रकार सुरू होतो, तो म्हणजे कीहोल, पत्र्यात आरपार भोक पाडून ते पुढे नेत सांधायचं. प्लाझ्मा शिकायचा तो खरं तर यासाठीच, म्हणून पुढे मी त्यावरच जास्त बोलणार आहे.

टॉर्च बसवताना

करंट डीसी घ्या आणि टंगस्टन निगेटिव्हला जोडा. टंगस्टनचं टोक घासताना रेघा लांबीच्या दिशेने पडल्या पाहिजेत आणि टोक बरोबर मधोमध आलं पाहिजे. कीहोलसाठी मी साधारण ४० ते ६० अंशांचं टोक ठेवते. मायक्रोप्लाझ्माला ते जास्त अणकुचीदार लागतं. टंगस्टन हाताने धरून अंदाजाने घासू नका, घासायचं छोटं मशीन वापरा. थोरियम असलेला टंगस्टन किंचित किरणोत्सारी असतो. त्याची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून धूळ ओढून घेणारी सोय हवी, नाहीतर लँथनमचा टंगस्टन घ्या.

मग टंगस्टन नोझलमध्ये किती आत बसवायचा ते बघा. टॉर्चबरोबर त्याचा गेज येतो, तोच वापरा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. टंगस्टन जास्त आत गेला की आर्क कडक आणि बारीक होतो, पण नोझलवरचा ताण वाढतो आणि तेच नोझल आधीएवढा करंट सोसत नाही. प्रत्येक भोकाला करंटची एक मर्यादा असते आणि ती विशिष्ट वायूला धरून सांगितलेली असते. प्लाझ्मा वायू म्हणून हेलियम घेतला तर ती मर्यादा खाली येते.

टंगस्टन मधोमध आहे का, हे बघायची सोपी खूण आहे. मुख्य करंट बंद ठेवून, डोळ्यांवर काच लावून फक्त हाय फ्रिक्वेन्सी चालू करा. भोकात ठिणग्या सगळ्या बाजूंनी सारख्या दिसायला हव्यात. एकाच कोपऱ्यात नाचत असतील तर टॉर्च उघडा आणि पुन्हा बसवा.

पाणी खनिजमुक्त हवं. साधं पाणी वीज वाहून नेतं, शिवाय त्याचे थर आतल्या बारीक वाटा बुजवतात. पाणी गार करणारा चिलर फार थंड ठेवला तर टॉर्चच्या आत दव साचतं आणि सकाळच्या पहिल्या बीडमध्ये छिद्रं येतात. म्हणून मी सकाळी आर्क लावण्याआधी काही मिनिटं नुसता वायू सोडून ठेवते.

कीहोल लावताना

६ मिलिमीटरचं स्टेनलेस घेऊ. टिगला इतक्या जाडीत कडा तासून व्ही करावा लागतो आणि दोन-तीन वेळा भरावं लागतं. कीहोलला कडा सरळ चौकोनी ठेवायच्या, एकमेकींना भिडवायच्या आणि एकाच फेरीत काम संपवायचं. मात्र फिट-अपमध्ये, म्हणजे कडा जुळवण्यात, माफी नाही. फट जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहिली पाहिजे आणि दोन्ही पत्रे एका पातळीत हवेत. टॅक (पत्रे धरून ठेवणारे छोटे टाके) कमी अंतरावर मारा, कारण उष्णतेने फट उघडते. मागे सपाट पट्टी लावू नका. आर्क पत्र्याच्या आरपार बाहेर पडतो, त्याला जागा हवी. खोल खाचेची पट्टी घ्या आणि त्या खाचेत आर्गॉन सोडा.

सुरुवातीचे आकडे साधारण असे धरा: नोझलचं भोक ३.५ मिलिमीटर, करंट २४० अँपिअर, चाल मिनिटाला ३५ सेंटिमीटर, प्लाझ्मा वायू मिनिटाला ८ लिटरच्या आसपास (आर्गॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन), नोझल जॉबपासून ५ मिलिमीटर वर. एवढी चाल सारखी ठेवणं हाताच्या आवाक्यातलं नाही. कीहोलला टॉर्च गाड्यावर चढवा किंवा जॉब रोटेटरवर फिरवा.

आर्क लागला की आधी नुसता धातू वितळतो. वायूचा आणि आर्कचा जोर त्या वितळलेल्या धातूला बाजूला ढकलतो आणि आरपार भोक पडतं. टॉर्च पुढे सरकली की समोरची कड वितळते, तो धातू भोकाच्या दोन्ही बाजूंनी मागे वाहतो आणि मागे जाऊन पुन्हा जुळतो. त्याला खाली पडू न देणारा असतो तो वितळलेल्या धातूचा पृष्ठताण. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. भोक चालत राहतं आणि त्याच्यामागे सांधा मिटत जातो. मागच्या बाजूने बारीक ज्योत निघालेली दिसते, किंचित मागे झुकलेली. ती सलग असेल तर पेनिट्रेशन (वेल्ड आरपार जाणं) पूर्ण आहे हे तिथेच कळतं. ती फडफडायला लागली किंवा नाहीशी झाली तर भोक मिटलं असं समजा. ती जागा खूण करून ठेवा आणि नंतर तपासा.

मुलं इथे सगळ्यात जास्त चुकतात ती वायूच्या व्हॉल्व्हवर. प्लाझ्मा वायू जास्त झाला तर धातू मागे जुळत नाही, खाली उडतो आणि वेल्डिंगऐवजी कटिंग होतं. कमी झाला तर भोक पूर्ण उघडत नाही, वायू आत अडकतो आणि बीडमध्ये पोकळ्या राहतात. एका वेळी एकच आकडा बदला, तोही थोडासा. दोन्ही कडांना अंडरकट (बीडच्या कडेची खाच) येत असेल तर चाल कमी करून बघा किंवा समोरून थोडी फिलर वायर द्या.

शेवट कसा करायचा? सरळ शिवण असेल तर दोन्ही टोकांना जादा पट्ट्या टॅक करा, भोक त्या पट्टीवर उघडा आणि त्या पट्टीवरच मिटवा. नळीची गोल शिवण असेल तर तशी सोय नसते. तिथे सुरुवातीच्या जागेवर थोडं पुढे जाऊन करंट आणि प्लाझ्मा वायू दोन्ही एकाच वेळी हळूहळू उतरवावे लागतात. नुसता करंट उतरवला तर वायूचा जोर भोक मिटू देत नाही. म्हणून कीहोलसाठी मशीन घेताना वायूचा उतार देता येतो की नाही, हे आधी विचारा.

कुठे वापरतात

दूध आणि औषधांच्या टाक्या, स्टेनलेसच्या लांब शिवणीच्या नळ्या, टायटॅनियमचे भाग ही कीहोलची कामं. मायक्रोप्लाझ्मा धातूच्या बेलोज (घड्यांच्या लवचिक नळ्या), पेसमेकरच्या डब्या, थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा), शस्त्रक्रियेची हत्यारं यांवर चालतो. टर्बाइनच्या पात्यांची झिजलेली टोकं आणि साच्यांच्या तुटलेल्या कडा भरायलाही तो चांगला, कारण उष्णता आजूबाजूला पसरत नाही. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर कोबाल्टच्या मिश्रधातूची पावडर आर्कमध्ये सोडून कडक थर चढवतात. त्यात खालचा धातू थरात फार थोडा मिसळतो, म्हणून थराचा कडकपणा टिकतो.

अॅल्युमिनियमचं वेगळं आहे. त्यावरचा ऑक्साइड काढायला काही क्षण टंगस्टन पॉझिटिव्ह करावा लागतो, पण तसा फार वेळ ठेवला तर टंगस्टन वितळतो. म्हणून साधारण १५ ते २० मिलिसेकंद निगेटिव्ह आणि २ ते ५ मिलिसेकंद पॉझिटिव्ह अशी अदलाबदल करतात. नासाने स्पेस शटलच्या मोठ्या बाहेरच्या इंधनटाकीच्या शिवणींसाठी हीच पद्धत वापरली होती.

साध्या पोलादाच्या ग्रिल-गेटसाठी किंवा फट कमी-जास्त असलेल्या जुन्या जॉबसाठी मात्र प्लाझ्मा घेऊ नका. टॉर्च जाड असते, त्यामुळे कोपऱ्यात शिरत नाही. सुटे भाग महाग पडतात आणि ते बसवायला वेळही जातो. तिथे टिग किंवा मिग (सतत सरकत्या तारेचं वेल्डिंग) बरं.

अंगाची काळजी टिगइतकीच घ्यायची. आर्क बारीक दिसला तरी अतिनील किरण तेवढेच भाजतात, त्यामुळे गळा आणि मनगटं झाका आणि काच करंटप्रमाणे निवडा. टाकीच्या आत काम असेल तर आर्गॉन तळाशी साठतो आणि माणसाला कळायच्या आत ऑक्सिजन संपतो. हवा खेळती ठेवा आणि बाहेर एक माणूस उभा करा. छातीत पेसमेकर बसवलेल्या कोणालाही हाय फ्रिक्वेन्सीच्या मशीनजवळ थांबू देऊ नका.

काम संपलं की आर्क बंद करून लगेच वायूचा व्हॉल्व्ह फिरवू नका. टंगस्टन लालसर असेपर्यंत वायू वाहू द्या, नाहीतर तो निळा पडतो. पाणी आणखी काही मिनिटं फिरू द्या. मग नोझल काढा, पुसा, पुन्हा उजेडासमोर धरा आणि भोकाची कड बघून वहीत लिहून ठेवा: कुठला करंट, किती वायू, किती वेळ चाललं.