मृत्यूनंतरच्या जीवनाचा शोध घेणारं पुस्तक कसं वाचावं?

आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी असं एक पुस्तक हातात घेतलं. एका रात्रीत शंभर पानं संपवली आणि सकाळी धड काही आठवेना. "ती कुठेतरी आहे" एवढंच मला त्यात सापडायला हवं होतं. म्हणून पुस्तक उघडण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: मला काय खरं वाटतं, आणि काय खरं असावंसं वाटतं. त्या अगदी सारख्या आल्या, तर जरा जपून वाचा.

मग एका बैठकीत एकच प्रयोग घ्या. अशा पुस्तकांत मॅसॅच्युसेट्सचे डॉ. डंकन मॅकडुगल बहुधा भेटतातच. मरणासन्न रुग्णांचा पलंग काट्यावर ठेवून त्यांनी आत्म्याचं वजन करायचा प्रयत्न केला आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. इथे पेन्सिल घ्या आणि समासात लिहा: किती जण? किती मापं बाद? रुग्ण अवघे सहा, त्यांतल्या दोघांची मापं खुद्द डॉक्टरांनीच बाद केलेली. सगळीकडे फिरणारा २१ ग्रॅमचा आकडा एकट्या पहिल्या रुग्णाचा. पुढे १५ कुत्र्यांचंही मरताना वजन केलं, ते घटलं नाही. कुत्र्यांना आत्मा नसावा, असं त्यांना वाटलं. डॉ. ऑगस्टस क्लार्क यांनी मात्र घामाकडे बोट दाखवलं. त्यांच्या मते, श्वास थांबला की फुफ्फुसांत रक्त थंड होणं थांबतं, अंग तापतं, घाम सुटतो. कुत्र्यांना माणसासारखा घाम येत नाही. हा वाद सावकाश वाचा, फार सुंदर आहे.

मोठ्या अभ्यासात चाळणी कुठे कुठे लागली ते पाहा. डॉ. सॅम पार्निया यांच्या २०१४च्या अभ्यासात हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना होत्या. शरीराबाहेर जाऊन वरून पाहिलं, असं कुणी म्हटलं तर ते तपासायला वरूनच दिसतील अशी चित्रं उंच फळ्यांवर ठेवली होती. मुलाखती १४० जणांच्या झाल्या. त्या वेळचं पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट आठवणारे दोघं, आणि दोघांच्याही खोलीत फळी नव्हती! चित्रांची परीक्षा झालीच नाही.

पुनर्जन्माच्या भागात तारखांना गोल करा: मागच्या जन्माची आठवण कधी सांगितली, कागदावर कधी उतरली, आताचं आणि मागच्या जन्मीचं म्हणून सांगितलेलं घर कधी भेटलं. पुनर्जन्माच्या आठवणींचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी तर आपल्या नागपूरच्या, अचानक बंगाली बोलू लागलेल्या एका मराठी बाईंचा अभ्यास केला होता. तिथे आणखी एक प्रश्न लिहा: आधी बंगाली कुठे कानावर पडलं असेल?

आणि दुःख ताजं असेल, तर दिवसा वाचा, घरात कुणीतरी असताना.