स्पॅम फिल्टर लावण्याआधी: लॉगिन करून मेल पाठवणाऱ्या युजर्ससाठीची तयारी

ही तयारी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आणि त्याच्या जोडीला स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी हे स्पॅम फिल्टर धरून लिहिली आहे. सर्व्हर दुसरा असेल तर सेटिंगची नावं बदलतील, कामं तीच राहतील.

पहिलं काम पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर मेल येण्याची क्रमांकाची दारं, वेगळे करण्याचं. बाहेरच्या सर्व्हरकडून येणारी मेल २५ वर, आपल्या युजर्सची ५८७ किंवा ४६५ वर, आणि २५ वर लॉगिनची सोयच बंद. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सुरू झाल्याशिवाय पासवर्ड स्वीकारायचा नाही. पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा, बाहेरून जोडणाऱ्या स्पॅम बॉटना दारातच गाळणारा भाग) वापरणार असाल तर तो फक्त २५ वर. युजर्सच्या पोर्टवर त्याचं काहीच काम नाही.

मग ब्लॉकलिस्ट, म्हणजे ज्यांच्याकडून मेल घ्यायची नाही अशा आयपींची यादी. इथे घाई करू नका, युजर्सच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्या चालवते; तिच्या झेन यादीत पीबीएल नावाचा एक भाग आहे. घरगुती ब्रॉडबँडसारखे आयपी त्यात मुद्दाम घातलेले असतात, कारण तिथून कुणी थेट दुसऱ्याच्या सर्व्हरवर मेल टाकणं अपेक्षित नाही. आपला युजर घरून, बरोबर पासवर्ड देऊन, रीतसर मेल पाठवतो तेव्हा त्याचा आयपी नेमका याच यादीत सापडतो. नियमांचा क्रम चुकलेला असेल तर त्याला ५५४ या एरर कोडचा नकार मिळतो आणि तो बिचारा पासवर्ड बदलत बसतो. म्हणून लॉगिन केलेल्याला परवानगी देणारी ओळ ब्लॉकलिस्टच्या ओळीच्या वर आहे ना, ते डोळ्यांनी बघून घ्या.

एवढ्यावर थांबू नका. पोस्टफिक्समध्ये क्लायंट (जोडणारा), हेलो (जोडताना त्याने सांगितलेलं स्वतःचं नाव), सेंडर (पाठवणारा), रिसिपियंट (मिळणारा) या नियमांच्या याद्या स्वतंत्र आहेत. एकीत परवानगी मिळाली म्हणून दुसरीत सूट मिळत नाही. हेलोची यादी तर हमखास विसरली जाते. लॅपटॉपवरचा मेल प्रोग्रॅम कित्येकदा हेलोमध्ये नुसतं कॉम्प्युटरचं नाव सांगतो आणि पूर्ण डोमेन मागणारा नियम त्याला दारातच अडवतो. ५८७ साठी पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये (master.cf) या याद्या वेगळ्या लिहिणं मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

ब्लॉकलिस्टची विचारणा डीएनएसमधून होते, म्हणून ती करणारा डीएनएस रिझॉल्व्हर स्वतःचा हवा; अनबाउंड हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं, विचारण्याची पद्धत चुकल्याचं कळवणारं उत्तर पाठवू शकतं. कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं सर्व्हर समजत असेल, तर चांगली मेलसुद्धा परत जाऊ लागते.

स्कोअरकडे, म्हणजे मेल किती स्पॅमसारखी वाटते त्याच्या गुणांकडे वळू. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५ आहे. सुरुवातीला ती तशीच ठेवा आणि मेल नाकारण्याऐवजी फक्त खूण करा. नमुन्यांवरून शिकणारा बेज फिल्टर किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकल्याशिवाय बोलायला लागत नाही, तेव्हा दोन्हींचे नमुने आधीच जमवा. मेल लॉगिन करून आली आहे हे स्पॅमअसॅसिनला रिसीव्ह्ड हेडरवरून (मेल कुठून कशी आली याची मेलमधलीच नोंद) कळतं. त्यासाठी पोस्टफिक्समध्ये हेडरवर लॉगिनची नोंद चालू करावी लागते. मात्र त्या नोंदीत युजरनेमही दिसतं आणि ते मेलबरोबर बाहेर जातं. ते चालणार नसेल तर ५८७ ची मेल स्कॅनरकडे वेगळ्या वाटेने पाठवा.

सूट दिली म्हणजे तपासणी सोडली असं मात्र करू नका, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. चोरलेल्या पासवर्डने आलेला स्पॅमरही सर्व्हरच्या लेखी लॉगिन केलेला युजरच असतो. त्याच्यामुळे सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत गेला, तर बाकी सगळ्यांची मेल अडकते. जाणारी मेलही स्कॅन करा, फक्त आयपीवर आधारलेले नियम तिथे लावू नका. ताशी किती मेल जाऊ द्यायच्या ही मर्यादा युजरनेमवर ठेवा. पोस्टफिक्सची स्वतःची मर्यादा आयपीप्रमाणे मोजते, आणि चोरलेलं खातं एकाच वेळी अनेक आयपींवरून वापरलं जातं. आरस्पॅमडीत युजरप्रमाणे मोजता येतं. प्रत्येकाने आपल्याच पत्त्यावरून पाठवावं यासाठी लॉगिन आणि पत्ता यांची जुळणी तपासणारा नियमही लावा.

शेवटी चाचणी. जीट्यूबची (स्पॅम फिल्टर तपासण्यासाठीच्या चाचणी मजकुराची) ठरलेली ओळ घातलेली मेल दोन्ही पोर्टवरून पाठवा; दोन्हीकडे पकडली गेली पाहिजे. साधी मेल ऑफिसच्या नेटवर्कवरून नको, मोबाइल डेटावरून पाठवा, आणि लॉगमध्ये त्या ओळीत युजरनेम उमटलं का ते पाहा. खातं चोरीला गेलंच तर पासवर्ड कुणी बदलायचा, चालू सेशन कुणी तोडायची आणि रांगेतल्या मेल कुणी काढायच्या, हे नावानिशी लिहून मगच फिल्टर चालू करा.