स्नायूच्या दुखापतीवर अँटिबायोटिक? पुरावा कसा पारखावा

धावताना पोटरीत कळ आली, पाय टेकवत नाही, आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "डॉक्सिसायक्लिन घे, त्यावर संशोधन झालंय." झालेलं असेलही. गोळी गिळण्याआधी ते कितपत भक्कम आहे, हे बघायला मात्र हवं.

१. औषध इथे नेमकं काय करणार?

स्नायू ताणला किंवा थोडा फाटला, तर सूज येते, पण कातडी शाबूत असेल तर तिथे सहसा जंतू नसतात. पांढऱ्या पेशी येऊन तुटलेले तंतू साफ करतात, मग स्नायूतल्याच राखीव पेशी नवे तंतू घडवतात. म्हणजे मारायला जंतूच नाही. मग फायदा होतो कशाने? डॉक्सिसायक्लिनपुरतं याला उत्तर आहे: कोलॅजन, म्हणजे शरीराच्या भागांना आधार देणारं प्रथिन, तोडणाऱ्या एन्झाइमना ते आवर घालतं. हिरड्यांच्या आजारात याचसाठी ते २० मिलिग्रॅमच्या, जंतू न मारणाऱ्या डोसमध्ये देतात. युक्तिवाद पटतो. पण जखमेतला जुना चुरा काढायलाही तीच एन्झाइम लागतात, त्यामुळे नुसत्या युक्तिवादावर भागत नाही.

२. प्रयोग कोणावर झाला?

उंदरांवर असेल तर इजा कशी केली ते वाचा. बहुतेकदा स्नायूत विष टोचतात किंवा तो गोठवतात. धावताना ताणलेली पोटरी ही वेगळीच गोष्ट आहे.

३. तुलना कोणाशी केली?

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सौम्य ताण एक ते तीन आठवड्यांत आपसूक बरा होतो. दुखणं ऐन भरात असताना गोळी सुरू केली, की पुढच्या आठवड्यातलं बरं वाटणं गोळीच्या नावावर जमा होतं. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडलेले हवेत, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी.

तेवढं असूनही एकाच अभ्यासावर विसंबू नये. कंबरदुखीत काय झालं बघा. मणक्याच्या हाडात विशिष्ट बदल दिसणाऱ्या १६२ रुग्णांना डेन्मार्कमध्ये १०० दिवस अँटिबायोटिक किंवा खोटी गोळी दिली. २०१३ साली निकाल आला: त्रास मोजणाऱ्या गुणांत (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) औषधाचा गट १५ वरून ५.७ वर उतरला, दुसरा जेमतेम १४ वर. जगभर आशा पल्लवित झाली. मग नॉर्वेत १८० रुग्णांवर, तीन महिने अमॉक्सिसिलिन देऊन, पुन्हा तपासलं. २०१९ मध्ये दिसलेला फरक होता १.६ गुणांचा. रुग्णाला जाणवण्यासाठी किमान ४ गुणांचा फरक हवा, असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. औषधाचा त्रास मात्र ५६ टक्क्यांना झाला. खोट्या गोळीवर ३४ टक्क्यांना.

४. मोजलं काय?

स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं क्रिएटिन कायनेज उतरलं, एवढ्यावर समाधान मानू नका. तुम्हाला जिना चढायचाय, पुन्हा धावायचंय. ते किती दिवस आधी जमलं, हे अभ्यासात लिहिलंय का, ते शोधा.

५. किंमत काय?

सगळी अँटिबायोटिक्स एका माळेची नसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या कुळातल्या औषधांनी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, विशेषतः टाचेमागची, तुटू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक. पाय बरा करायला निघून कंडरा गमावणं किती वाईट! डॉक्सिसायक्लिनने उन्हात त्वचा भाजते, कमी पाण्यासोबत घेतल्यास अन्ननलिकेला जखम होते. शिवाय विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी जंतूंना तिच्याविरुद्ध तयार करते.

हे सगळं बंद दुखापतीबद्दल. उघडी जखम, पू, ताप, पसरत जाणारी लाली किंवा दिवसागणिक वाढणारी कळ असेल, तर पुरावे चाळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं. आणि डॉक्टरांनी आधीच सुरू केलेला कोर्स हा लेख वाचून परस्पर थांबवू नका. "हे कोणत्या जंतूसाठी दिलंय?" एवढं त्यांना सरळ विचारा.